एक शीत कीं चार?

कोंकणांतील घरांत मुंबईचा संसार वर्षांतून दोनदां येऊन उतरतो. एकदां उन्हाळ्याच्या सुटींत आणि एकदां गणेशचतुर्थीस. तळेरे हें तर अशा येण्याजाण्याचें नाकेंच आहे. मुंबईहून गोव्याकडे जाणारा हमरस्ता ह्या गांवावरून जातो. पूर्वेस वैभववाडी, करूळचा घाट व गगनबावडा ह्या वाटेनें कोल्हापूरचा रस्ता फुटतो, आणि पश्चिमेस विजयदुर्गाची वाट निघते. ह्या नाक्यावर उतरणाऱ्या चाकरमान्यांच्या सामानांत पूर्वीं कपडेलत्ते, मिठाई व मुलांचीं पुस्तकें असत. आतां त्यांच्या जोडीस कधीं कधीं एखादें खेळाचें यंत्र, म्हणजे ज्यास मुलें गेम कन्सोल म्हणतात तें, असतें. मुंबईच्या थोरल्या भावानें नवें घेतलें म्हणून जुनें गांवच्या धाकट्याकडे आलें. पाटीपुस्तकांपासून व सदऱ्यांपासून चालत आलेली ही आपली जुनीच रीत आहे.

यंत्राच्या पाठोपाठ घरांत एक वाद येतो. यंत्राच्या खोक्यावर तें ‘फोर-के’ चित्र काढतें असें छापलेलें असतें, आणि माजघरांतील टीव्ही पाहावा तर तो ‘फुल एचडी’. मुलांचें म्हणणें असें कीं, आतां नवा टीव्ही घेतल्यावांचून ह्या यंत्राचा उपयोग नाहीं. वडिलांचें म्हणणें असें कीं, टीव्ही धडधाकट आहे, तो बदलण्याचें कारण नाहीं. यंत्राची शक्ति वायां गेली तर जावो, तें फुकटच आलें आहे. दोघांचा निकाल निराळा असला तरी दोघांनीं एक गोष्ट सारखीच गृहीत धरलेली आहे. ती ही कीं, मोठ्या पडद्यासाठीं केलेल्या यंत्राची जास्तीची शक्ति लहान पडद्यावर फुकट जाते. ह्या अंकीं आम्ही ह्या समजुतीचीच परीक्षा करणार आहों. कारण घरचे कांहीं हजार रुपये खर्च व्हावयाचे कीं वांचावयाचे, हें तिच्यावर अवलंबून आहे. आमचें मत प्रथमच सांगून टाकतों. ती शक्ति वायां जात नाहीं. ती नीट लावली तर त्याच जुन्या पडद्यावर पहिल्याहून खरें चित्र दिसतें. ह्या युक्तीस सुपरसॅम्पलिंग असें नांव आहे.

प्रथम यंत्रांची ओळख करून घेऊं. सोनी कंपनीचें प्लेस्टेशन ४ आणि मायक्रोसॉफ्टचें एक्सबॉक्स वन हीं दोन्ही २०१३ सालच्या नोव्हेंबरांत निघालीं. त्या वेळीं चांगल्या घरगुती टीव्हीचें माप म्हणजे फुल एचडी असेंच समजलें जाई. पुढें फोर-के पडदे स्वस्त होऊं लागले, तेव्हां त्याच यंत्रांच्या सुधारून वाढविलेल्या आवृत्त्या आल्या: २०१६ च्या नोव्हेंबरांत प्लेस्टेशन ४ प्रो आणि २०१७ च्या नोव्हेंबरांत एक्सबॉक्स वन एक्स. खेळ तेच, तबकड्या त्याच. चित्र काढणारें अंग मात्र अधिक बलवान. २०२० आणि २०२१ च्या सुमारास ह्या यंत्रांचें उत्पादन थांबलें व त्यांच्या जागीं पुढच्या पिढीचीं यंत्रें आलीं. म्हणूनच आज तीं वापरून सोडलेल्या स्थितींत गांवोगांव पोंचत आहेत.

आतां चित्राकडे वळूं. वर्तमानपत्रांतील एखादें छायाचित्र भिंगाखालीं धरून पाहावें. डोळ्यांना जो सलग चेहरा दिसत होता तो बारीक ठिपक्यांचा समूह आहे असें ध्यानांत येतें. टीव्हीचा पडदाहि ठिपक्यांचाच. ठिपक्यांच्या रांगोळीप्रमाणें ते सरळ ओळींत मांडलेले असतात. फुल एचडी पडद्यावर एका आडव्या ओळींत १,९२० ठिपके आणि अशा १,०८० ओळी. एकूण २०,७३,६०० ठिपके. फोर-के पडद्यावर एका ओळींत ३,८४० आणि ओळी २,१६०, एकूण ८२,९४,४००. लांबींत दुप्पट व उंचींतहि दुप्पट, म्हणून एकंदर बरोबर चौपट. फुल एचडीच्या एका ठिपक्याच्या वांट्यास फोर-के चित्राचे चार ठिपके येतात, ही गोष्ट वाचकांनीं ध्यानांत ठेवावी. पुढील सारा विचार ह्या चौपटीवर उभा आहे.

सिनेमाचें चित्र व खेळाचें चित्र ह्यांत एक मूलभूत भेद आहे. सिनेमाचें चित्र आधींच टिपून ठेवलेलें असतें. खेळाचें चित्र मुलाच्या हातांतील कळ दाबली जाईल तसें त्याच क्षणीं गणित करून काढावें लागतें, आणि तेंहि बहुधा सेकंदास तीस किंवा साठ वेळां. यंत्राच्या पोटांत झाड, घर, डोंगर ह्यांचीं भूमितीच्या भाषेंतील वर्णनें असतात. एकेका ठिपक्यासाठीं तें ठिपक्याच्या मध्यबिंदूपाशीं विचारतें, ‘येथें काय दिसतें?’ उत्तर आलें ‘झाडाचें पान’, कीं सारा ठिपका हिरवा. उत्तर आलें ‘आकाश’, कीं सारा ठिपका निळा. फुल एचडी चित्र सेकंदास तीस वेळां काढावयाचें म्हणजे असे ६ कोटी २२ लाखांवर प्रश्न एका सेकंदांत विचारावयाचे.

आपल्या शास्त्रकारांनीं ह्या रीतीस फार पूर्वींच नांव देऊन ठेवलें आहे: स्थालीपुलाकन्याय. भांड्यांतील एक शीत चेपून पाहावें आणि त्यावरून सर्व भात शिजला कीं नाहीं हें ठरवावें. मराठींत हीच गोष्ट आपण ‘शितावरून भाताची परीक्षा’ ह्या म्हणीनें सांगतों. हा न्याय खोटा नाहीं. पण त्यास एक अट आहे, आणि ती स्वयंपाकघरांत वावरणाऱ्या प्रत्येकास ठाऊक असते. भांडें सारखें तापलें असेल तरच एक शीत साऱ्या भाताची साक्ष देऊं शकतें. बुडाशीं करपलें असेल आणि वर कणी राहिली असेल, तर शीत कोठून उचललें ह्यावर निकाल अवलंबून राहतो.

ठिपक्यांचेंहि असेंच आहे. सारा ठिपका आकाशांत असेल तर एक प्रश्न पुरतो. पण ज्या ठिपक्यांतून माडाच्या झावळीची कड जाते, त्याचा थोडा भाग पान व बाकीचा आकाश असतो. तेथें एकाच बिंदूची साक्ष घेतली कीं ठिपका एक तर पूर्ण हिरवा, नाहीं तर पूर्ण निळा. म्हणून तिरकी कड सलग न दिसतां जिन्याच्या पायऱ्यांसारखी दिसते. ह्याहून वाईट गत बारीक वस्तूंची. अंगणांत कपडे वाळत घालण्यासाठीं बांधलेली तार दुरून पाहिली तर ठिपक्याच्या जाडीहूनहि बारीक होते. ती कोठें मध्यबिंदूवरून जाते, कोठें दोन मध्यबिंदूंच्या मधून निसटते. चित्रांत ती तुटक दिसते, आणि खेळणारा एक पाऊल पुढें सरकला कीं तुटलेले भाग बदलतात. त्यामुळें तार, कुंपण, गवत, झावळ्या हीं सारीं लुकलुकूं लागतात. दूरच्या कौलांच्या ओळींवर मुळांत नसलेली लाटांची नक्षी उमटते. मच्छरदाणीचे दोन पदर एकावर एक आले असतां जी नागमोडी नक्षी दिसते, ती ह्याच जातीची. अपुऱ्या साक्षीवरून निकाल दिला कीं असा दोष यावयाचाच. पडद्याची किंमत कितीहि असो.

ह्यावरचा उपाय ऐकावयास अगदीं साधा आहे. एक शीत पुरत नसेल तर चार उचलावीं. एका ठिपक्यांत एकाच ठिकाणीं न विचारतां चार ठिकाणीं विचारावें, चारी उत्तरांची सरासरी काढावी आणि तो रंग भरावा. चारांपैकीं एकानें ‘पान’ म्हटलें व तिघांनीं ‘आकाश’, तर ठिपका पाव हिरवा व पाऊण निळा. पूर्वीं ‘आहे’ आणि ‘नाहीं’ असे दोनच निकाल होते. आतां शून्य, पाव, अर्धा, पाऊण व पूर्ण असे पांच झाले. पायऱ्यांचे कोपरे मऊ होतात, तार पुष्कळ अंशीं सलग राहते, झावळीचें लुकलुकणें कमी होतें. फोर-केसाठीं केलेल्या यंत्रास हें काम सोयीचें जातें, कारण तें चौपट ठिपक्यांचें चित्र आंत काढतच असतें. तें पडद्यावर पाठविण्यापूर्वीं शेजारच्या चार-चार ठिपक्यांचा एक-एक ठिपका करावयाचा, एवढेंच उरतें. चार शेर दूध आटवून शेरभर बासुंदी करावी, तसा हा प्रकार आहे.

हा विचार नवा नाहीं. नमुने किती दाट घ्यावे ह्याचें गणित क्लॉड शॅनन ह्यांनीं १९४९ सालीं प्रसिद्ध केलें; जें सर्वांत बारीक कंपन टिपावयाचें असेल, त्याच्या दुपटीहून अधिक वेगानें नमुने घेतले पाहिजेत असें तें सांगतें. गणकयंत्रानें काढलेल्या छायांकित चित्रांत पायऱ्या व खोट्या नक्ष्या कां येतात, ह्याची सविस्तर मीमांसा फ्रँकलिन क्रो ह्या संशोधकानें १९७७ सालीं केली. घरगुती संगणकांत बसवावयाच्या, २००० सालीं निघालेल्या, व्हूडू ५ ह्या चित्रकार्डांत ही सोय होती. परंतु चौपट श्रम परवडतील अशीं यंत्रें सामान्य घरांत नव्हतीं, आणि म्हणून पुष्कळ वर्षें चित्रकारांनीं कडा पुसट करण्याच्या स्वस्त युक्त्यांवरच भागविलें. पुसट करणें आणि नीट पारखणें ह्यांत जो फरक आहे, तो चित्रांत डोळ्यांस कळतो.

तळेऱ्याच्या नाक्यावर नित्य उभें राहणाऱ्याच्या मनांत येथें एक शंका येईल. हमरस्ता आतां चौपदरी झाला आहे. त्यावरून येणारीं सारीं वाहनें घाटाकडच्या अरुंद रस्त्यांत शिरूं लागलीं तर कोंडीच व्हावयाची. मग चार पदरांचा माल एका पदरांत घालणें चित्रांत तरी लाभदायक कसें व्हावें? उत्तर असें कीं, वाहनांची सरासरी काढतां येत नाहीं. चार मोटारी मिळून एक मोटार होत नाहीं. प्रत्येकीस आपली जागा लागतेच. चार साक्षी मिळून मात्र एक अधिक भरंवशाचा निकाल होतो. पंचांचा निवाडा एकाच ओळींत लिहितां येतो, पण त्या ओळीमागें पांच जणांची पारख असते. आणि कागद तेवढाच पुरतो.

अर्थात् चार शितें उचलावयास चौपट श्रम पडतात, तेव्हां हिशेब पाहणें अवश्य आहे. प्लेस्टेशन ४ चें चित्र काढणारें अंग सेकंदास १.८४ लाख कोटी गणितें करूं शकतें. प्रो आवृत्तीचें ४.२ लाख कोटी. म्हणजे शक्ति सुमारें सव्वादोन पट वाढली, आणि फोर-केचें काम तर चौपट. ही तूट सोनीनें एका युक्तीनें भरून काढली. बुद्धिबळाच्या पटावरील एकाआड एक घरांप्रमाणें अर्धेच ठिपके नव्यानें काढावयाचे, व उरलेले मागच्या चित्रावरून आणि शेजारच्या ठिपक्यांवरून भरावयाचे. पुष्कळ खेळांत तर आंतील चित्र फोर-केहून लहानच ठेवलेलें असतें. एक्सबॉक्स वनची शक्ति १.३१ लाख कोटी होती व वन एक्सची ६ लाख कोटी, म्हणजे साडेचार पटींहून थोडी अधिक. म्हणून पूर्ण फोर-के चित्र काढणें त्यास अधिक वेळां साधलें. येथें एक मौज आहे. अर्धे ठिपके अंदाजानें भरलेलें चित्र मोठ्या फोर-के पडद्यावर जवळून पाहिलें तर त्याचें उणें कधीं कधीं उघडें पडतें. तेंच चित्र आटवून फुल एचडी पडद्यावर आणलें कीं, तें उणें सरासरींत बहुतेक मिटून जातें. लहान पडद्याच्या घरास हा लाभ आपोआप मिळतो.

मग इतकी चांगली सोय फुल एचडीवाल्यांस पहिल्या दिवसापासून मिळाली काय? नाहीं; आणि आमच्या मतें ह्या सर्व हकीकतींतील खरा बोध येथेंच आहे. प्लेस्टेशन ४ प्रो निघालें तेव्हां लहान पडद्यावर काय द्यावयाचें हें एकेका खेळाच्या कर्त्यांवर सोंपविलेलें होतें. कांहींनीं आंतील मोठें चित्र आटवून सुरेख फुल एचडी चित्र दिलें. कांहीं खेळांत मात्र, पडदा फुल एचडी आहे असें यंत्रास कळलें कीं तें मोठें चित्र काढण्याच्या भरीसच पडत नसे. ग्राहकानें दाम तेंच मोजलें, पण त्याच्या भिंतीवर कोणता पडदा टांगला आहे त्यावरून त्याचा वांटा ठरला. एक्सबॉक्स वन एक्सनें २०१७ सालीं आरंभापासूनच ही आटवणी यंत्राच्या मूळ व्यवस्थेंत ठेवली. सोनीनें २०१८ च्या मार्चमध्यें, म्हणजे यंत्र निघाल्यावर सोळा महिन्यांनीं, यंत्रप्रणालीच्या ५.५० ह्या आवृत्तीबरोबर ‘सुपरसॅम्पलिंग मोड’ नांवाची कळ दिली. ती चालू केली म्हणजे, ज्या खेळांत मोठें चित्र काढण्याची सोय आहे तो खेळ तें आंत काढतो, आणि यंत्र तें आटवून फुल एचडी पडद्यास देतें.

त्या दिवशीं यंत्रांत एकहि नवा भाग बसविला गेला नाहीं. सामर्थ्य होतें तेंच होतें. तें कोणाच्या उपयोगी पडावें एवढाच निर्णय व्हावयाचा होता. सुधारणा करणाऱ्याची नजर स्वभावतःच ज्याच्याकडे सर्वांत नवें आहे त्याच्याकडे जाते. ज्याच्याकडे कालचें उत्तम आहे त्याचा विचार मागाहून होतो. विकणाऱ्याच्या दृष्टीनें हें स्वाभाविक असेल. परंतु काटकसरीनें चालणाऱ्या घरांस ह्यांतून एक प्रश्न शिकतां येतो. कोणतीहि सुधारलेली वस्तु घरांत येतांना ‘हिच्यासाठीं आणखी काय घ्यावें लागेल?’ हा प्रश्न दुकानदार शिकवितोच. ‘आपल्याजवळ आहे त्यासाठीं ही काय करील?’ हा प्रश्न आपण स्वतः विचारावा लागतो.

दुसऱ्या पक्षाचें म्हणणेंहि ऐकलें पाहिजे. तो म्हणतो कीं, जास्तीची शक्ति चार शितें चेपण्यांत घालविण्यापेक्षां चित्रें अधिक जलद काढण्यांत कां घालवूं नये? सेकंदास तीस चित्रें काढावयाचीं तर एका चित्रास सुमारें ३३ सहस्रांश सेकंद मिळतात. साठ काढावयाचीं तर सुमारें १७. साठ चित्रांचा खेळ हातास अधिक तत्पर वाटतो, आणि मोटारींच्या शर्यतींत वा चेंडूच्या खेळांत ही तत्परता मोलाची असते. हें म्हणणें खोटें नाहीं. २०१६ सालीं प्लेस्टेशन ४ वर आलेल्या ‘राइज ऑफ द टूम रेडर’ ह्या खेळानें प्रो यंत्रावर तीन वाटा मोकळ्या ठेवल्या होत्या: फोर-के चित्र, फुल एचडींतच अधिक नटलेलें चित्र, आणि फुल एचडींत साठांपर्यंत जाणारा वेग. आम्हांस ही पद्धत सर्वांत योग्य वाटते. डोंगरदऱ्यांतून हिंडण्याच्या संथ खेळास बारीक पारख शोभते, धांवपळीच्या खेळास वेग. आणि निवड खेळणाऱ्याची असावी. सुपरसॅम्पलिंगची कळ चालू केल्यानें एखाद्या खेळाचा वेग मंदावूंहि शकतो, कारण त्यास मोठें चित्र काढावें लागतें. म्हणूनच ती बंद करण्याचीहि सोय ठेवलेली आहे.

आतां नव्या टीव्हीच्या मागणीचा विचार करूं. निकोप डोळ्यास साधारणपणें एका अंशाच्या साठाव्या भागाएवढा भेद ओळखतां येतो. ह्या मापानें गणित केलें तर असें दिसतें कीं, ४३ इंची फुल एचडी पडद्याचा एक ठिपका सुमारें अर्धा मिलिमीटर रुंद असतो, आणि सुमारें साडेपांच फुटांपलीकडून शेजारचे दोन ठिपके निराळे ओळखूं येत नाहींत. ५५ इंची पडद्यास हीच मर्यादा सुमारें सात फूट. माजघरांत मंडळी सात-आठ फुटांवर बसत असतील, तर ४३ इंची फोर-के पडद्याचे जास्तीचे ठिपके त्यांच्या दृष्टीस पडणारच नाहींत. मग सुपरसॅम्पलिंगचा लाभ तरी इतक्या दुरून कसा दिसतो, असें कोणी विचारील. तो दिसतो, कारण लुकलुकणारी तार किंवा कौलांवरची खोटी नक्षी एका ठिपक्याएवढी नसते. ती कित्येक ठिपक्यांवर पसरलेली असते, शिवाय हलत असते, आणि हलणारें वैगुण्य नजरेस लांबूनहि खुपतें. घरांत फीत घेऊन बसण्याच्या जागेपासून पडद्यापर्यंतचें अंतर मोजलें, तर अर्धा वाद तेथेंच मिटेल.

तरी ह्या युक्तीकडून भलती अपेक्षा करूं नये. पडद्याचे ठिपके वीस लाख आहेत ते वीस लाखच राहतात. फुल एचडींतच टिपलेल्या सिनेमास हिचा उपयोग नाहीं. नव्या पडद्यांत उजेड व अंधार ह्यांचा पल्ला वाढविणारी एचडीआर नांवाची सोय असते. ती जुन्या पडद्यावर ह्या मार्गानें येत नाहीं. ज्या खेळाच्या कर्त्यांनीं मोठें चित्र काढण्याची तजवीजच केलेली नाहीं, त्यावर कळ दाबून कांहीं साधत नाहीं. आणखी एक गोष्ट तपासून पाहावी. ३२ इंची संचांपैकीं पुष्कळ ‘एचडी रेडी’ असतात व त्यांवर १,३६६ गुणिले ७६८ एवढेच ठिपके असतात. ते फुल एचडी नव्हेत. मोठें चित्र आटवून आणण्याचा थोडाबहुत लाभ त्यांसहि होतो, परंतु चाराचें एक असा चोख हिशेब तेथें बसत नाहीं.

ज्यांच्या घरीं असें यंत्र येऊन पडलें आहे त्यांनीं काय करावें, तें थोडक्यांत सांगतों. प्लेस्टेशन ४ प्रो असेल तर प्रथम त्याची यंत्रप्रणाली अद्ययावत् करून घ्यावी. कपाटांत पडून राहिलेल्या यंत्रांत जुनी आवृत्ति असूं शकते. नंतर ‘सेटिंग्ज’, त्यांतील ‘साउंड अँड स्क्रीन’, त्यांतील ‘व्हिडिओ आउटपुट सेटिंग्ज’ ह्या क्रमानें जाऊन ‘सुपरसॅम्पलिंग मोड’ चालू करावा. एक्सबॉक्स वन एक्स असेल तर ह्यासाठीं निराळी कळ नाहीं. यंत्र हें काम आपण होऊन करतें. मग ज्या देखाव्यांत गवत, तारा, कुंपण किंवा दूरचीं छपरें आहेत असा एखादा देखावा निवडून कळ बंद व कळ चालू अशा दोन्ही रीतींनीं पाहावा, आणि आपल्या डोळ्यांनीं निकाल द्यावा. मोठें चित्र काढतांना यंत्र अधिक तापतें व त्याचा पंखा जोरानें फिरतो. तेव्हां तें बंद कपाटांत किंवा कापडाखालीं न ठेवतां मागच्या बाजूस वारा खेळेल असें ठेवावें. आपल्याकडील पावसाळ्यांत तर यंत्र वापरीत नसतांना त्याची व टीव्हीची वीज खुंटीपासून तोडून ठेवणें शहाणपणाचें. २०२० सालीं निघालेलीं व २०२१ च्या फेब्रुवारींत भारतांत मिळूं लागलेलीं प्लेस्टेशन ५ सारखीं नवीं यंत्रेंहि फुल एचडी टीव्हीस जोडतां येतात, आणि मोठें चित्र आटवून दाखविण्याचें तत्त्व तेथेंहि तेंच आहे.

खेळाच्या चित्रासाठीं एवढा खटाटोप कशाला, असें घरांतील एखादे आजोबा म्हणतील. त्यांस आम्ही आपल्याच जिल्ह्यांतील सावंतवाडीच्या गंजिफांची आठवण देऊं. दशावतारी गंजिफेचीं पानें १२०. तळहातावर मावेल एवढ्या वाटोळ्या पानावर मत्स्य, कूर्म, वराह इत्यादि अवतार चितारी बारीक कुंचल्यानें रंगवितो. पान लहान आहे आणि तें खेळांत हातोहात झिजणार आहे, म्हणून त्यानें रेघ ओढण्यांत हयगय केली नाहीं. उलट जागा थोडी, म्हणून पारख अधिक, हाच त्या कलेचा धर्म. आज तेंच काम गणितानें होत आहे, आणि त्यांत आपलीहि मंडळी आहेत. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स ह्या संस्थेचा ‘राजी’ हा खेळ २०२० सालीं ह्या कन्सोलांवर आला. त्यांतील कथाभाग सावल्यांच्या बाहुल्यांच्या धर्तीवर दाखविलेला आहे. कुडाळजवळच्या पिंगुळीस ठाकर मंडळींनीं चामड्याच्या बाहुल्यांचा खेळ पिढ्यान् पिढ्या जपला आहे. तो पाहिलेल्या मुलास पडद्यावरील बाहुलीची रेघ तुटक दिसली तर तें खटकणारच, आणि तें खटकावें अशीच आमची इच्छा आहे. चांगली रेघ कोणती हें ज्यास कळतें, तो पुढें स्वतःहि चांगली रेघ काढूं पाहील.

तात्पर्य, जुना टीव्ही जोंवर धडधाकट आहे तोंवर केवळ यंत्राच्या खोक्यावर ‘फोर-के’ असें लिहिलें आहे म्हणून तो टाकूं नये. तो खरोखरच बिघडला, किंवा पडदा मोठा घेऊन जवळ बसण्याची सोय घरांत झाली, तर फोर-के संच अवश्य घ्यावा. त्या वेळीं हेंच यंत्र त्यासहि पुरेल. तोंवर वांचलेल्या पैशांत मुलांस दोन चांगले खेळ आणि चार चांगलीं पुस्तकें येतील. आणि सुटींत मंडळी पडद्यासमोर जमतील तेव्हां वडिलांनीं मुलांस एकदां हें अवश्य विचारावें कीं, ह्या चित्रांतील तार सलग कां दिसते. त्याचें उत्तर ज्या मुलास देतां येईल, त्याच्या हातीं आलेलें यंत्र वायां गेलें असें कोणी म्हणणार नाहीं.